उन्हाळ्यापुरती जमीन

जव्हारला आम्ही वर्षाचे दोनच भाग मोजत असू: मंडळी आलेली आणि मंडळी गेलेली. मंडळी म्हणजे मुंबईची. समुद्रकाठचा उकाडा असह्य झाला की ती डहाणूच्या स्टेशनावर उतरत, बैलगाड्यांनी वर येत आणि मृगाच्या आधी परत जात. त्यांत वकील असत, डॉक्टर असत, कापसाचे व्यापारी असत. त्यांच्यामागून ट्रंका, पाळीव कुत्री, आरामखुर्च्या आणि स्वयंपाकी येत.

गावातली बरीच कुटुंबे त्या दिवसांत घराचा पुढचा भाग भाड्याने देऊन मागच्या भागात राहत. आमचेही तसेच होते. ओटी, माजघर आणि माडी मंडळींना जाई. आम्ही मागच्या पडवीत, गोठ्याच्या शेजारी. आई म्हणे, "आपल्याच घरात आपण पाहुणे, आणि पाहुण्यांना वाटतं आपण गडी."

वडिलांचे बाजारात दुकान होते. मीठ, तेल, गूळ आणि थोडे कापड. आसपासच्या पाड्यांवरची माणसे मीठ त्यांच्याकडूनच नेत. वडिलांना त्यांची बोली येत असे आणि पाड्यावर त्यांच्या शब्दाला किंमत होती. दुकान त्यावरच चालत होते, असे म्हटले तरी चालेल. मी तेव्हा मुंबईला एका वर्तमानपत्रात मुद्रिते तपासत असे आणि वैशाखात व दिवाळीला घरी येई.

पुढे मंडळींना भाड्याची घरे पुरेनात. प्रत्येकाला स्वतःचा बंगला हवा झाला, आणि तोही गावाच्या पश्चिमेला, कड्यावर. तिथून समुद्र दिसतो असे कुणीतरी पसरवले होते. ते खरे होते, पण अर्धे. आश्विन-कार्तिकात, हवा धुऊन निघालेली असताना, सूर्य बुडण्याच्या सुमारास क्षितिजावर एक चकाकती रेघ दिसे. वैशाखात धुरळ्यापलीकडे काही दिसत नसे. जागा पाहायला माणसे येत ती वैशाखात. दाखवणारा सांगे, "आज जरा धुरळा आहे." ते ऐकूनही जागा घेतल्या जात.

आमच्याकडे सलग काही उन्हाळे मुंबईचे एक वकील उतरत. ते वडिलांपेक्षा थोडे मोठे, बोलके आणि मोकळे होते. संध्याकाळी दुकानाच्या ओट्यावर बसून ते वडिलांना वर्तमानपत्र वाचून दाखवत, मग दोघे बातम्यांवर वाद घालत. माझ्या नोकरीसाठी त्यांनीच शब्द टाकला होता. वडील त्यांना भाडेकरू मानत नसत. त्यांच्यासाठी आंब्याची पहिली पाटी राखून ठेवत.

वकिलांच्या मनात कड्यावरची एक जागा भरली. ती खालच्या पाड्यावरच्या एका म्हाताऱ्याची वरकस, डोंगरउताराची हलकी जमीन होती. त्याचे घराणे तिथे एक वर्ष नाचणी, दुसऱ्या वर्षी वरई, तिसऱ्या वर्षी तेलासाठी खुरासणी घेई आणि मग जमिनीला विसावा देई. विसावलेली जमीन दुसऱ्या कुटुंबाने मागितली तर ती हंगामापुरती द्यायची, अशी पाड्याची रीत होती. पीक निघाले की जमीन आपोआप परत येई. परत मागावी लागत नसे. जमीन कायमची देणे हा प्रकार तिथे कुणी पाहिलेला नव्हता.

वडिलांनी म्हाताऱ्याला समजावले की साहेबांना तिथे घर बांधायचे आहे आणि ते उन्हाळ्यात येऊन राहतील.

"उन्हाळ्यात?" म्हातारा हसला. "उन्हाळ्यात तिथं काय उगवतं, दादा?"

"काही नाही. हवा खायला येतात."

म्हातारी आतून म्हणाली, "मग हवा न्या म्हणावं. जमीन ठेवा."

"आणि समुद्र बघायला," वडील म्हणाले.

"समुद्र बघायचा तर समुद्राकाठी का नाय राहत?"

वडिलांनी हा प्रश्न घरी येऊन वकिलीणबाईंना सांगितला. त्या म्हणाल्या, "काठावर मासळीचा वास येतो हो. लांबूनच बरा."

शेवटी म्हाताऱ्याने आपली अट सांगितली. "उन्हाळा तुमचा, पाणकाळा आमचा." पावसाळ्यात घराभोवतीची जमीन तो कसणार, पीक निघाले की मोकळी करणार. वकिलांना ती अट आवडलीच. "पावसाळ्यात मला त्या जमिनीचं करायचंय काय? उलट रान माजणार नाही," ते म्हणाले. मोबदला ठरला तो रीतसर दिला गेला. त्याबद्दल कधी तक्रार झाली नाही. सरकारी परवानगीचे कामही व्यवस्थित पार पडले. पाणकाळ्याची अट मात्र तोंडीच राहिली. पाड्याच्या दृष्टीने तीच पक्की होती.

जमिनीच्या कडेला वाघदेवाचा दगड होता. पाड्यावर जमीन देताना तिथे बसत. देणारा द्रोणात मोहाची दारू घेई आणि अट मोठ्याने बोले. द्रोण तो घेणाऱ्याच्या हातात देत नसे. तिसऱ्या माणसाच्या हातात देई आणि तो पुढे देई. त्या दिवशी तिसरे वडील होते. वकिलांनी द्रोण कपाळाला लावला, अट आपल्या तोंडाने म्हटली आणि दारू दगडापुढे ओतली. खाली उतरताना ते खूश होते. "काय सुंदर पद्धत आहे!" असे त्यांनी दोनदा म्हटले. वडिलांना वाटत होते की आपण साक्षीदार झालो.

बंगला झाला. पश्चिमेला लांब व्हरांडा आणि त्यात ओळीने खुर्च्या. त्यानंतर काही वर्षे व्यवस्था बिनबोभाट चालली. वकिलांच्या गाड्या घाट उतरल्या की म्हाताऱ्याची माणसे नांगर घेऊन वर येत आणि त्या वर्षीचे पीक व्हरांड्याच्या पायरीपर्यंत लावत. पावसाची झड आत येऊ नये म्हणून म्हातारा व्हरांड्याला पानांचे कूड बांधून ठेवी. हे त्याला कुणी सांगितले नव्हते. वैशाखात मंडळी परत येत तेव्हा अंगणात फक्त धसकटे असत. एकदा वकील वडिलांना म्हणाले होते, "भाऊ, अशी माणसं मुंबईत शोधून सापडायची नाहीत." वडिलांनी ते वाक्य पाड्यावर जाऊन सांगितले होते.

एका वर्षी भाद्रपदात वकिलांचा निरोप आला की दिवाळीला येतो, बंगला झाडून ठेवा. ते दिवाळीला कधीच आले नव्हते. वडिलांना वाटले, आपल्याकडे सणाला येतायत. आईने अनारशांचे पीठ जास्त केले. दिवाळी जवळ आली तसे वडील म्हाताऱ्याला सांगायला गेले, तर नाचणी पिकून उभी होती.

"कापून घेता का बाबा? साहेब येतायत."

"येऊ देत ना. वाघबारशीला देवाला नवं दाखवू, मग कापू. त्याच्या आधी इळा लावत नाय."

वडील म्हणाले, "असू दे. साहेबांना ठाऊक आहे सगळं."

दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीच्या आदल्या दिवशी मी घरी पोहोचलो. वकील सकाळीच आले होते, पण आमच्याकडे न थांबता थेट बंगल्यावर गेले होते. त्यांच्याबरोबर गिरणीचे मालक असलेले एक शेठ होते. चौथ्या प्रहरी पाड्यावरचा एक माणूस धावत दुकानात आला आणि म्हणाला, "दादा, नाचणी कापतात."

वडील आणि मी वर गेलो. व्हरांडा आणि कडा यांच्यामधले पीक वकिलांचे गडी कोयत्याने आडवे करत होते. अर्ध्याहून जास्त पडले होते. मोकळ्या केलेल्या जागेत दोन खुर्च्या मांडल्या होत्या. गाडीचे बैल कणसांत तोंड घालून उभे होते. समुद्र स्पष्ट दिसत होता. म्हातारा दगडाजवळ उभा होता. हातात काही नव्हते.

"वकीलसाहेब, हे पीक बाबांचं आहे," वडील म्हणाले.

वकील त्यांना बाजूला घेऊन हलक्या आवाजात म्हणाले, "ठाऊक आहे हो भाऊ. भरपाई करू. शेठ बसलेत इथे, आत्ता नको."

म्हातारा पुढे आला. "सायेब, उद्या वाघबारस. एक दिस थांबला असता."

"बाबा, समुद्र बघा की. काय दिसतोय!"

"तो रोजच असतो, सायेब."

शेठ खुर्चीतून वळले. "हे कोण?"

"माळी आहे आपला," वकील म्हणाले.

म्हाताऱ्याला तो शब्द कळला की नाही, मला सांगता येणार नाही. वडिलांना कळला. त्यांनी बैलांना कणसांतून बाजूला ओढले, गाडीला बांधले आणि खाली उतरू लागले.

दिवेलागणीला वकील दुकानात आले. नेहमीच्या जागेवर बसले, चहा मागितला. बंगला शेठना दिल्याचे त्यांनी तेव्हा सांगितले. शेठ आधी तयार नव्हते. समुद्र दिसतो याची त्यांना खात्री हवी होती, म्हणून दिवाळीचा बेत. सगळी जमीन बंगल्याबरोबर गेली. भोवती तारेचे कुंपण होणार होते.

"आणि पाणकाळ्याचं काय?" वडिलांनी विचारले.

"त्याचं काय? मी शब्द दिला होता. बंगला माझा होता तोवर पाळला. मोडला का कधी?"

"कालपर्यंत नाही."

"मग? शेठनी कुठे शब्द दिलाय?"

"तुम्ही त्यांना सांगितलंत का?"

"सांगितलं असतं तर गिऱ्हाईक हातचं गेलं असतं, भाऊ. एवढं व्यवहाराचं तुम्हालाही कळतं."

"देवापुढे बोलला होतात."

"अहो, तुम्ही सांगितलंत तसं मी केलं. पाहुणा म्हणून बसलो होतो तिथे."

त्यांच्या बोलण्यात ओशाळलेपणा नव्हता. तो असता तर वडिलांना सोपे गेले असते, असे मला वाटते. त्यांनी चहा पूर्ण संपवला, माझ्या कामाची चौकशी केली, आणि उठताना वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "शेठच्या मित्रांनाही कड्यावर जागा हव्या आहेत. पाड्यावर तुमचा शब्द चालतो. बघा."

वडील एवढेच म्हणाले, "चालत होता." वकिलांना ते ऐकू गेले असावे, कारण ते दारात क्षणभर थांबले. मग गेले. आईने केलेले अनारसे त्यांच्यासाठी बांधून ठेवले होते. ते तिने शेजारी वाटून टाकले.

दुसऱ्या दिवशी वडील पाड्यावर गेले. मीही बरोबर होतो. वाघबारस असूनही अंगणात गडबड नव्हती. वडिलांनी जे घडले ते न लपवता सांगितले: बंगला विकला, कुंपण पडणार, पाणकाळ्याची अट नवा मालक मानणार नाही. म्हातारी म्हणाली, "मी सांगितलं होतं. हवा न्या, जमीन ठेवा."

"साहेबांनी दगा दिला, बाबा," वडील म्हणाले. "मला आणि तुम्हाला, दोघांना."

म्हातारा म्हणाला, "सायेबाला आमी कुठं ओळखतो, दादा? आमी तुमाला दिली. तुमी पुढं कुणाला दिली, ते तुमचं."

त्या क्षणी वडिलांना तिसऱ्या माणसाचा अर्थ कळला. पाड्यावर तिसरा माणूस साक्षीदार नसतो. जमीन त्याच्या हाती जाते आणि ती परत आणून देणे त्याच्या अंगावर असते. इतकी वर्षे त्यांची बोली बोलूनही हे वडिलांना माहीत नव्हते, आणि हे कुणाला माहीत नसेल असे पाड्यावर कुणाच्या मनात आले नव्हते.

गावाच्या टोकाला वडिलांचा स्वतःचा एक तुकडा होता. तिथे दोन खोल्या बांधून त्या हंगामात भाड्याने द्याव्यात, म्हणजे आम्हाला पडवीत राहावे लागणार नाही, असा आईचा आणि त्यांचा बेत होता. वडील म्हणाले, "माझा तुकडा घ्या. दर पाणकाळ्याला. मी असेपर्यंत, आणि नंतर हा पाहील." त्यांनी माझ्याकडे बोट केले. मी मान हलवली.

म्हाताऱ्याने नकार दिला, पण रागाने नाही. "तुमची कशाला घेऊ? तुमी काय मुद्दाम केलं? तुमालाही फसवलंच."

वडिलांच्या चेहऱ्यावर जरा सुटका दिसली. तेवढ्यात म्हातारा म्हणाला, "पण आता काय विचारायचं झालं, तर कुणाला विचारू, ते म्हाईत नाय."

पाड्यावरून आम्हाला कुणी हाकलले नाही. निघताना म्हातारीने परसातली काकडी हातावर ठेवली. कुंपण पौषात पडले. शेठच्या मित्रांनीही पुढे कड्यावर जागा घेतल्या. त्या दुसऱ्या कुणी मिळवून दिल्या. वकील पुढच्या वैशाखात शेठचे पाहुणे म्हणून आले आणि त्यांनी वडिलांना चहाला बोलावले. वडील गेले नाहीत. आमची ओटी आणि माडी मात्र त्या वर्षीही भाड्याने दिली होती. त्यावाचून भागणारे नव्हते.

त्या पाड्याची माणसे मिठासाठी मोखाड्याच्या आठवडी बाजाराला जाऊ लागली. जव्हार त्यांच्या वाटेवर होते. ती आमच्या दुकानासमोरूनच जात. वडील ओट्यावर असले तर थांबून रामराम करत, पाऊसपाणी विचारत, आणि रिकामी टोपली डोक्यावर घेऊन पुढे जात.