समक्ष

मावशीला अर्धांगवायू झाल्यापासून ती अंथरुणातच होती. हयातीच्या दाखल्यासाठी पेन्शनच्या कचेरीत फोन केला, तर उत्तर आलं, "नियम आहे. समक्षच आणावं लागेल." समक्ष म्हणजे डोळ्यांसमोर. ती हयात आहे हे कुणीतरी बघायला हवं, एवढंच ना, असं मला वाटलं. मावशीनं मुद्दाम केस विंचरून घेतले, इस्त्रीची साडी मागितली. "साहेब बघणार," ती म्हणाली. तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून भावानं आणि मी दोन जिने वर नेलं.

टेबलामागचा माणूस मोबाईलमध्ये गर्क होता. "समक्ष आणलंय?" त्यानं विचारलं. मी हो म्हटलं. मान वर न करता त्यानं मावशीचा अंगठा ओढला, शाईत दाबून कागदावर टेकवला.

"झालं. न्या."

मावशी अडखळत म्हणाली, "अहो, बघा तरी."

"त्याची गरज नसते," तो म्हणाला.

ज्या शब्दाच्या पोटातच डोळा आहे, त्याचा डोळा या लोकांनी कधी काढून घेतला? आणि तरी तो शब्द मिरवतात, त्यासाठी माणसं उचलून आणायला लावतात.

जिना उतरताना मावशीनं चांगल्या हातानं पदर ओढला आणि चेहरा झाकून घेतला.