तुटक्या पिसाची सुरय

आमच्या शेजारच्या सुभेदारकाकांसारखा शिस्तीचा माणूस इस्लामपूरपासून शिराळ्यापर्यंत दुसरा निघायचा नाही. त्यांची म्हैससुद्धा शिट्टीवर उठते. फौजेत अंदमानला असताना त्यांना समुद्रपक्ष्यांचं वेड लागलं. निवृत्त होऊन गावी आल्यावर समुद्र कुठून आणणार? मग कृष्णेच्या वाळूपट्ट्यावर अंडी घालणाऱ्या नदी सुरय या त्यांच्याच भाऊबंदांवर काकांनी भागवलं. काळी टोपी, पिवळी चोच, लांब शेपटी. काका त्यांना 'पलटण' म्हणतात आणि रोज सकाळी काठावरून दुर्बिणीनं हजेरी घेतात. वहीत खाडाखोड झाली, तर शेजारी सही करतात. एकदा 'मासा'चं चुकून 'माशा' झालं होतं, त्यालाही सही होती.

यंदा मार्चात बचत गटातर्फे काकूंना आठ दिवस महाबळेश्वरला स्ट्रॉबेरीचा जॅम शिकायला जायचं होतं. लग्नानंतर एवढे दिवस घराबाहेर राहण्याची ही पहिलीच वेळ. काकांनी थेट वहीच उघडली. "निसर्गाचा नियम हाय. पिलांच्या दिवसांत नर लांब जाऊन मासा आणतो, मादी घरट्याजवळच भागवती." घरात पिलं नव्हती; मुलगा पुण्यात नोकरीला. मी तावातावानं समतेवर बोललो. "पत्रक छापून आण, वाचतो," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी काकू स्वतःच काठावर आल्या. दुर्बीण लावून बराच वेळ बघत राहिल्या.

"आवं, दोन्ही पाखरं सारखीच दिसत्यात. नर कंचा, ते कसं वळखलं?"

"सोपं हाय. लांब जातो त्यो नर."

"व्हय? मग तुमी वीस वर्सं फौजेत हुता, तवा लांबच्या मळ्यात उसाला पाणी पाजाय मी जात हुते. मी नर हुते काय?"

मी हसलो. काका हसले नाहीत. घरी येऊन त्यांनी वही पहिल्या पानापासून वाचायला घेतली. अंडी घालण्याआधी नर मादीला मासा भरवतो. ते त्यांनी डोळ्यांनी पाहून लिहिलं होतं, आणि मासा घेणाऱ्या मादीच्या शेपटीचं एक पीस तुटलंय, हेही. पुढं पंधरा दिवस लांबून मासे आणणारा जो 'नर' होता, त्याच्याही शेपटीचं पीस तुटलेलंच. म्हणजे लांब जात होती ती मादी, आणि घरट्याजवळच्या डोहात भागवत होता तो नर.

काकांनी पंधरा ठिकाणी शब्द खोडले, पंधरा सह्या केल्या. उघडी वही काकूंसमोर ठेवली आणि माळ्यावरची फौजेतली बॅग खाली काढून झटकली.

काकू गेल्या. शिट्टीवर उठणारी म्हैस काकांच्या हाताला पान्हा मात्र सोडेना. भाकरीचं काय होत होतं, ते मी विचारलं नाही. आठव्या दिवशी फाट्यावर गेलो, तर एसटीला तासभर अवकाश असताना काका दुर्बीण लावून कऱ्हाडच्या रस्त्याकडं बघत उभे.

"काका, आठच तर दिवस झाले," मी म्हणालो.

त्यांनी दुर्बीण खाली घेतली नाही. "व्हय की, गड्या. तिनं वीस वर्सं ह्योच रस्ता बघितला. त्यो बी बिनदुर्बिणीचा."