कासाराच्या बोटावरचं रक्त

"तुम्हाला हेपटायटिस सी आहे," डॉक्टर म्हणाले आणि मी आधी माझ्या बोटांकडे पाहिलं.

दोन हजार चार साल असावं. हर्नियाच्या ऑपरेशनआधीची साधी रक्ततपासणी होती. मला तसं काही होत नव्हतं. थोडा थकवा होता, तो मी वयावर ढकलला होता. नाशिकच्या त्या डॉक्टरांनी समजावलं, की हा लिव्हरचा विषाणू रक्तातून शिरतो आणि वर्षानुवर्षं गुपचूप लिव्हर खराब करत राहतो. तरुणपणी अपघातानंतर मला रक्त चढवलं होतं. तेव्हा त्यात हे तपासतच नव्हते.

मी निफाडचा कासार. बांगड्या भरताना एखादी वाढते, आमच्यात फुटली म्हणत नाहीत. मग बाईच्या मनगटाला आणि माझ्या बोटाला एकदमच काच लागते. फडक्यानं पुसायचं आणि पुढची बांगडी घ्यायची. वेटिंग रूममध्ये बसून मला एकेक मनगट आठवायला लागलं.

"एकत्र जेवल्यानं, हात लावल्यानं पसरत नाही. रक्ताला रक्त लागलं तर धोका, पण अशा ओरखड्यातून तोही कमीच," डॉक्टर म्हणाले. "जखमेवर पट्टी बांधा, दाढीचं ब्लेड वेगळं ठेवा."

मला फक्त 'धोका' ऐकू आलं. बायकोची आणि मुलीची तपासणी केली. दोघीही निगेटिव्ह निघाल्या, म्हणजे त्यांना लागण नव्हती. तुमच्या हातात असा कागद आला तर आधी घरच्यांची तपासणी करा, मग हवं तेवढं घाबरा. तरीही मी दुकान बायकोवर टाकलं आणि गिऱ्हाइकाच्या हाताला हात लावायचा सोडला.

मुलीचं, सुमनचं, लग्न ठरलेलं होतं. लग्नाचा चुडा आईकडून भर, असं मी तिला सांगितलं.

"लग्न पुढं ढकलू, अप्पा. पण चुडा तुम्हीच भरायचा. नायतर मी हात पुढं करणार नाय."

मग त्या विषाणूवरचं औषध, इंटरफेरॉन, सुरू झालं. दर आठवड्याला इंजेक्शन, रोज गोळ्या. सुई टोचली की हुडहुडी आणि ताप. केस गळाले. चिडचिड इतकी, की दारातल्या मांजरावरही ओरडायचो. औषध संपल्यावर सहा महिन्यांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती उरला, ते बघतात. ते थांबणं तापापेक्षा वाईट होतं.

विषाणू सापडला नाही. "बरे झालात. आता भीती सोडा," डॉक्टर हसून म्हणाले. त्यांना म्हणायला सोपं होतं.

चुड्याच्या दिवशी पाटावर बसून सुमनचा हात धरला. चार बांगड्या नीट चढल्या. पाचवी वाढली. माझ्या बोटावर रक्ताचा थेंब दिसला आणि मी हात झटकून पाटावरून उठलोच. सगळ्या बायका बघत राहिल्या. सुमननं पट्टी आणली, माझ्या बोटाला बांधली आणि पुन्हा हात पुढं केला.

"भरा ना, अप्पा."

भरल्या. मग रीतीप्रमाणे तिनं कासाराला वाकून नमस्कार केला. आजवर असा नमस्कार करणाऱ्या प्रत्येकीला मी 'अखंड सौभाग्यवती हो' म्हणत आलो. लेकीला मात्र म्हणालो, "तब्येतीला जप."