हसनमामूंचा काठोकाठ चहा

हसनमामू गेल्याचं त्यांच्या धाकट्या मुलीनं, सुमय्यानं, व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून कळवलं. "ताई, अब्बा सकाळी गेले. चहा मागितला नि तो येईस्तोवर गेले." मस्कतमधल्या कुरुमच्या ऑफिसात बसून मी तो निरोप दोनदा ऐकला. रडू आलंच, पण खरं सांगते, थोडं हसूही आलं. चहा टाकून उठणारा हा माणूस नव्हे... आयुष्यात एवढी एकच गोष्ट त्यांनी अर्धवट सोडली असेल.

मामू दापोलीकडचे, खाडीकाठच्या गावातले सुतार. उभं आयुष्य मस्कतमध्ये, वादी अदाईच्या एका वर्कशॉपमध्ये गेलेलं. मी पुण्याची, लग्न करून इथे आलेली, आणि तेव्हा नुकतंच इंटिरियरचं स्वतःचं काम सुरू केलेली. माझं सगळं ज्ञान किचनचं. ओटा, ट्रॉल्या, वरची कपाटं. अशात वर्कशॉपच्या अर्बाबचे, म्हणजे मालकाचे, थोरले भाऊ सालेमसाहेब आले. सैन्यातून निवृत्त झालेले, रेंजवर नेमबाजी शिकवणारे. उडवलेल्या काडतुसांच्या पितळी नळ्या पुन्हा भरायचं रीतसर लायसन्स त्यांच्याकडे होतं, आणि त्या भरायच्या हातप्रेससाठी त्यांना भक्कम टेबल हवं होतं. माझं पहिलंच स्वतंत्र काम! मी ते टेबल ओट्यासारखंच काढलं. शेगडीच्या जागी प्रेस, अगदी मधोमध, दोन्ही बाजूंना सारखे ड्रॉवर. मामूंनी कागद बराच वेळ न्याहाळला.

"ताई, ह्या मधी ठेवलात तर टेबल नाचंल. पायाच्या डोक्यावर घ्या."

"अहो मामू, एकीकडे गेलं तर काय दिसेल ते!"

"बरा," म्हणाले, आणि माझ्या कागदाबरहुकूम टेबल करून दिलं.

कुठलंही टेबल झालं की मामू त्याच्यावर बिनदुधाच्या सुलेमानी चहाचा ग्लास काठोकाठ भरून ठेवायचे. तीच त्यांची परीक्षा. त्या दिवशीही ठेवला. सालेमसाहेबांनी प्रेसचा दांडा खाली ओढला मात्र, टेबल पुढे झुकलं, मागचे पाय उचलले गेले आणि चहा थेट त्यांच्या पांढऱ्याशुभ्र, पायघोळ दिशदाशावर. प्रेसशेजारी बंदुकीची दारू तोलायचा नाजूक काटा राहणार होता. तो असा हलला तर काडतुसात दारू कमीजास्त, म्हणजे जिवाशी खेळ. "ये किसका गलती?" त्यांनी शांतपणे विचारलं. मामूंनी साठी ओलांडली होती, त्यांचा व्हिसा पुढे चालवायचा की नाही हे अर्बाब त्याच महिन्यात ठरवणार होता, आणि सुमय्याचं नर्सिंग संपायला अजून दोन वर्षं होती. हे सगळं मला ठाऊक होतं. "मेरा, साब. माप में गडबड हुआ," मामू म्हणाले. मी शेजारीच उभी होते, आणि मूग गिळून उभी राहिले.

साहेब गेल्यावर मला रडूच फुटलं. "व्हिसा गेला तर, मामू?" त्यांनी खिशातली पेन्सिल कानावर ठेवली. "तुमचा पयलाच काम नी, ताई. माझी चाळीस वर्षं झाली, एक चूक खपंल. पयलीच चूक कोन खपवीत नाय."

मग तीन दिवस आम्ही दोघांनी ते टेबल नव्यानं बांधलं. प्रेस डाव्या पायाच्या बरोबर वर आला. वरचं फळकूट दोन जाड प्लायचं, खालून लोखंडी पट्टी, आरपार बोल्ट, पाठ भिंतीला अँगलनं घट्ट आणि खालच्या फळीवर वाळूच्या चार गोण्या. वाळूला इथे काय तोटा! एक ड्रॉवर गेला, टेबल एकांगी दिसायला लागलं, आणि मला ते फार आवडलं. पुन्हा ग्लास ठेवला. दांडा खाली, वर, खाली... थेंब सांडला नाही. "यल्ला, खलास!" साहेब खूश झाले. मामूंचा व्हिसाही झाला. दोन सोडून पाच वर्षं राहिले, सुमय्या नर्स झाली, मग आपल्या मर्जीनं घरी गेले. तोवर दर शुक्रवारी आमच्याकडे जेवायला यायचे आणि आमच्या डायनिंग टेबलाचीही परीक्षा घ्यायचे. "मामू, स्पिल होणार!" माझी लेक ओरडायची. "नाय व्हायचा," ते ठामपणे सांगायचे, आणि दर खेपेला थोडा व्हायचाच. फार सुखाचे शुक्रवार होते ते.

पण सालेमसाहेबांना खरं सांगायचं माझ्याकडून राहून गेलं होतं. मामू गेल्यावर ते सलायला लागलं. गेल्या आठवड्यात मी अल मवालेहला साहेबांच्या घरी गेले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. साहेबांनी त्या टेबलाचा उरलेला ड्रॉवर उघडला आणि घडी घातलेला कागद पुढे केला. माझंच ड्रॉइंग. कोपऱ्यात इंग्रजीत, ठसठशीत अक्षरांत, काढणाऱ्याचं नाव माझं, आणि खाली तपासणाऱ्याचंही माझंच. डाव्या पायावर मात्र मामूंच्या पेन्सिलीचा एक बारीक गोल होता, जो मी त्या वेळी पाहिलाच नव्हता.

"हसन को इंग्लिश पढ़ना नहीं आता था, बेटी," साहेब म्हणाले. "मेरे को आता है. उसी दिन ये काग़ज़ देखा और भाई को बोला, ये आदमी को मत छोड़ो."

मग त्यांनी टेबलावर सुलेमानीचा ग्लास काठोकाठ भरला, बिस्मिल्ला म्हणून दांडा ओढला आणि माझ्याकडे पाहिलं. एक थेंब हलला नाही. तो चहा मी निवायच्या आत, शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. मामूंचा राहिला होता ना.