बाई या शब्दाबाबत

अर्जदार: एका खो-खो खेळाडू मुलीचा बाप. राहणार डिंडोली, सुरत. शिक्षण नववी. व्यवसाय अर्जलेखन, कचेरीच्या फाटकाबाहेर, बावीस वर्षे.
घटनास्थळ: विद्यापीठाचे खो-खो मैदान. सोमवार, सकाळी साडेसात.
साक्षीदार: मैदानावर चुन्याच्या फक्कीने रेषा आखणारे कर्मचारी रमणभाई, मुलीच्या कॉलेज संघातील हेतल, आणि मी स्वतः, जाळीबाहेर उभा.

विद्यापीठाच्या संघाची निवड चालू होती. माझी मुलगी शेवटच्या वर्षाला आहे. यंदा नाही तर कधीच नाही. तिने खांबाजवळ सूर मारून शेवटची खेळाडू बाद केली. कोपर सोलले. धापा टाकत उठली आणि निवड करणाऱ्या क्रीडाधिकारी महिलेकडे वळून आनंदाने म्हणाली, "बाई, आउट ना?"

आमची मुले महानगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकली. तिथे शिकवणाऱ्या स्त्रीला बाईच म्हणतात, आणि उभे राहून म्हणतात. गुजरातीत तोच शब्द धुणीभांडी करणारीला लावतात. मुलीला हे ठाऊक होते. आनंदात तोंडून निघून गेले.

"बाई तो तारे घेर वासण घसती हशे," त्या म्हणाल्या, म्हणजे बाई तर तुझ्या घरी भांडी घासत असेल. "मने मॅडम कहेवानुं."

सगळे मैदान हसले. हेतल हसली नाही, हे नोंदवतो. मी जाळीबाहेर होतो. बोललो नाही, हेही नोंदवतो. पुढचा तासभर त्यांनी माझ्या मुलीला रेषेबाहेर उभे ठेवले. दुपारी पॅव्हेलियनच्या काचेवर यादी लागली. तिचे नाव छापलेले होते. त्यावर पेनाची रेघ, आणि बाजूला एक शब्द: वर्तन.

तिची आई दोन बंगल्यांत खरोखरच भांडी घासते. त्या अधिकारी महिलेस हे माहीत नव्हते.

येथपर्यंत कसूर त्यांची. पुढची माझी.

बुधवारी मी माफीपत्र घेऊन गेलो. अधिकारी महिला पॅव्हेलियनच्या सावलीत बसलेल्या, मी पायऱ्यांखाली उन्हात. माफीपत्र मी मुलीच्या वतीने, तिला न विचारता, गुजरातीत लिहिले होते. माझ्या गुजरातीत वकीलसुद्धा चूक काढत नाहीत. त्यांनी वाचले. म्हणाल्या, शनिवारी मुलीने हे सही करून सगळ्या संघासमोर मोठ्याने वाचावे, मग बघू. मी म्हणालो, "हा जी." दोनदा म्हणालो.

संध्याकाळी कागद मुलीपुढे ठेवला. तिने वाचला आणि घरच्या अहिराणीत विचारले,

"आबा, मी काय गुन्हा करेल शे?"

मी तिला समजावले. मान कुठे वाकवायची हे मला कळते, म्हणालो. आधी मैदान मिळू दे, मान नंतर. तिची आई चुलीपासून उठून आली, हात पिठाचे. तिला वाचता येत नाही. म्हणाली, "वाची दखाडा ना."

मी मराठी करून वाचू लागलो. प्रति. विषय. सविनय. मग हे वाक्य आले: 'माझी आई भांडी घासणारी असल्याने माझ्यावर योग्य संस्कार झाले नाहीत, त्यामुळे माझ्या तोंडून आपणांविषयी हीन शब्द निघाला.'

मला ते वाचता आले नाही.

लोकांचे मृत्यू, घटस्फोट, जप्त्या मी फाटकाबाहेर मोठ्याने वाचून दाखवल्या आहेत. आवाज कधी अडला नव्हता. स्वतःच्या अक्षरापुढे अडला. राहिलेले वाक्य मुलीने आईला सांगितले, माझ्याकडे न बघता.

तिच्या आईने हाताचे पीठ झटकले. मग म्हणाली, "माले बाई म्हनतस. तेमा शिवी कसानी?"

मीच तिची शिवी केली होती, शुद्ध गुजरातीत, लाचारीने.

शनिवारी मुलगी माफी वाचायला गेली नाही. संघ रांगेत असताना मी गेलो, नवा अर्ज घेऊन. पायऱ्या चढलो. म्हणालो, "बाई, हा अर्ज. पोच द्या."

या वेळी कोणी हसले नाही. त्यांनी कागदाला हात लावला नाही. पोच मिळाली नाही. रमणभाईंनी फक्कीने माखलेल्या हाताने माझ्या प्रतीवर साक्षीदार म्हणून सही केली. नोकरीवर बेतेल हे जाणून केली.

संघाची गाडी मंगळवारी सुटेल. माझी मुलगी तीत नसेल, हे मला कळते. ती आता सकाळी धावायला जात नाही. बूट आईने उचलून ठेवले. पुढच्या वर्षी ती कोणत्याच कॉलेजची नसेल, मग कोणत्या मैदानावर तिला कोण उभे करणार? या प्रश्नापुढे माझे बावीस वर्षांचे अर्जलेखन निरुपयोगी आहे.

तरी त्या अर्जातलीच मागणी येथे पुन्हा करतो. कोणत्या नियमाखाली, कोणत्या वर्तनासाठी नाव खोडले, ते लेखी, शिक्क्यासह कळवावे. उत्तर मुलीच्या नावे पाठवावे, माझ्या नव्हे. दया मागितलेली नाही, ती देऊ नये. माफी मागितली जाणार नाही. गाडी सुटली, स्पर्धा संपली, तिचे वर्ष संपले, तरी हा अर्ज मागे घेतला जाणार नाही. उत्तर येईपर्यंत मी रोज त्या पायऱ्यांवर हजर राहीन, सावलीत.