पाया पडल्यावर काय म्हणायचं?

मंडळी, आज वालूरला मामेभावाच्या नव्या घराची वास्तुशांत होती. मिस्टर गेल्यापासून पहिल्यांदाच कुठल्या कार्याला गेले.

आधी मामींच्या पाया पडले. त्या "हं, हं" म्हणून बाजूला झाल्या. मग मामांच्या पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि माझं लग्न झाल्यापासून देतात तोच आशीर्वाद मोठ्यानं दिला, "अखंड सौभाग्यवती भव!"

 

"अवो, काय बोलायलाव तुमी?" मामी ओरडल्या. मामांनी हात पटकन मागं घेतला. "चुकलं गं माय," म्हणाले.

मी म्हणलं, "असू द्या मामा." आणि जेवायला बसले. मी आता रडते का म्हणून सगळे बघत होते. मला काहीच झालं नाही. वरण परत मागून घेतलं.

आता येष्टीत बसून हे लिहायलेय. मिस्टर गेल्यापासून मी पाया पडले की लोक गप्पच बसतात. चुकून का होईना, तोंडभरून आशीर्वाद एकट्या मामांनी दिला.

तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांनी सांगा, नुसतं "सुखी राहा" म्हणायला काय अडतं?