न शिजणारी डाळ

बाळांनो, तुम्ही तिकडं परदेशात परक्या भाषेत प्रबंध लिहिताय, म्हणून हे सांगते. निजामाच्या राज्यात मी हैदराबादेत पाण्यातल्या क्षारांवर संशोधन करत होते. सुट्टीत कळंबला घरी आले, तेव्हा आईनं कौतुकानं शेजारणी बोलावल्या.

एकीनं विचारलं, "सांग की गं, आमच्या आडाच्या पाण्यात डाळ का शिजत न्हाय?"

शास्त्र मी उर्दू आणि इंग्रजीतूनच शिकले होते. त्याच शब्दांत बोलत सुटले. मराठी शब्द सुचेचनात.

"लई शिकली बाई!" ती म्हणाली. सगळ्या हसल्या.

आई घाईनं म्हणाली, "प्रवासानं दमलीय ती."

माझी मान वर होईना. पुढं प्रत्येक व्याख्यान मी आधी मनातल्या मनात आईला मराठीत समजावलं. त्या दुपारी मात्र ती माझ्यासाठी खोटं बोलली होती.